पहिल्या टेबलावरच्या सात रायफली

बसवनगुडी, बंगळूर
२० ऑक्टोबर १९९५

हंबीर,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडता परत पाठवशील, म्हणून पाकिटाच्या पाठीवरच लिहिलं आहे की आत रायफलींबद्दल मजकूर आहे. नात्यांबद्दलची माझी पत्रं तू चार वर्षं परत पाठवलीस. पण एसएलआर रायफल मध्येच का अडते, या विषयावरचं पत्र परत पाठवण्याची तुझी छाती नाही. धाकटा भाऊ आहेस, मी तुला ओळखते.

तर ऐक. तुझ्या जावयाला निलंबित केलं आहे. त्याचं नाव तुझ्या जिभेवर कधी आलं नाही, म्हणून मी पूर्ण लिहिते: कल्लाप्पा. निपाणीकडचा. येलहंक्याच्या बाजूला जी राखीव पोलिसांची तुकडी आहे, तिच्या शस्त्रागारात सोळा वर्षं हत्यारांची देखभाल करणारा आर्मरर. तुझी अंजली आणि तो गेली दोन वर्षं माझ्याच घरी मागच्या दोन खोल्यांत राहतात. हेही तुला ठाऊक नसेल, कारण ते कळवणारं पत्र तू न फोडताच परत पाठवलंस.

गेल्या मंगळवारी त्यांच्या रेंजवर सराव होता. पुढच्या महिन्यात राज्याच्या स्पर्धा आहेत. वीस रायफली नेल्या होत्या. पहिल्या पाच-सहा गोळ्या सगळ्यांच्या नीट सुटल्या. मग एक अडली, मग दुसरी, आणि बघता बघता सात. गोळी जाते, पण रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या ऐवजी तोंडातच तिरकी अडकून बसते. जवान खटका दाबतो आणि काही होत नाही. त्यांचा इन्स्पेक्टर चाळीस माणसांसमोर कल्लाप्पावर ओरडला, "रायफली सांभाळतोस की लोणचं घालतोस रे?" आणि तिथल्या तिथे त्याच्या कमरेची शस्त्रागाराची किल्ली काढून घेतली.

घरी आल्यावर अंजली रडली. मी त्या इन्स्पेक्टरबद्दल जे बोलले ते कॉन्व्हेंटच्या सिस्टर लोकांनी ऐकलं असतं तर मला आजही भिंतीकडे तोंड करून उभं केलं असतं. कल्लाप्पा बुटांचे बंद सोडत बसला होता. म्हणाला, "किल्ली त्यांचीच, आत्याबाई. माझ्याकडे सांभाळायला होती."

चौकशी वीस नोव्हेंबरला आहे. आरोप निष्काळजीपणाचा. शाबीत झाला तर नोकरी जाणार नाही, पण आर्मररचं काम कायमचं जाईल. हातात लाठी देऊन फाटकावर उभा करतील. बेचाळीस वर्षांचा माणूस, ज्याला हत्याराचा आवाज ऐकून त्याचं दुखणं कळतं, तो येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या सायकली मोजणार. तो तक्रार करणार नाही, हे मला जास्त छळतं.

तू अकरा वर्षं फौजेत हेच शिकवलंस. तुझं नाव तिथल्या अधिकाऱ्यांना ठाऊक असणार. एक कागद लिहून पाठव, एवढंच मागते: या रायफली चालवणाऱ्या पोरांपेक्षा वयाने मोठ्या आहेत, त्यांच्या स्प्रिंगा थकल्या आहेत, असं अडणं होतच असतं. खाली सही आणि हुद्दा. हे खोटंही नाही.

खंडेनवमीला आम्ही सगळे त्यांच्या शस्त्रागारात पूजेला गेलो होतो. दर वर्षी जवानांच्या घरची माणसं जातात. लाल कापड घातलेली तीन टेबलं, त्यांवर रायफली ओळीने, झेंडूच्या माळा, फाटकाशी कोहळा फोडलेला. त्या दिवशी सगळं छान झालं. अडलेल्या सातही रायफली पहिल्या टेबलावरच्या होत्या म्हणे, पण तो मुद्दा गौण आहे. तू त्यात शिरू नकोस. स्प्रिंगांबद्दल लिही.

तुझी अक्का


१ नोव्हेंबर १९९५

हंबीर,

चार ओळींचं उत्तर मिळालं. तेही टाइप केलेलं. "गॅसचा मार्ग व दट्ट्या साफ नसणे. दोष आर्मररचा. ही सिद्ध गोष्ट आहे. प्रमाणपत्र देता येणार नाही." खाली नुसता 'ह'. बहिणीला लिहिताना पूर्ण नावाचीही शाई खर्चवत नाही!

मी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. शेवटची बारा वर्षं बिघाडांची वही माझ्याकडे होती. लाइन न तपासता जी मुलगी मला दोषी माणसाचं नाव सांगे, तिला मी हेडफोन काढून कँटीनमध्ये बसायला पाठवत असे. तू डेहराडूनला बसून लाइन न तपासता नाव सांगितलंस. जा, कँटीनमध्ये बस, आणि तिथे बसून हे पुढचं वाच.

दिवाळीत घरात कंदीलही नीट लागला नाही. पण फराळाच्या टेबलावर मी कल्लाप्पाकडून सगळं काढून घेतलं. तो स्वतःहून बोलत नाही. एकेक प्रश्न घालावा लागतो.

रेंजवर सात रायफली अडल्या, इन्स्पेक्टर ओरडू लागला, जवान घाबरून खटके खेचू लागले. त्या गोंधळात याने फक्त एवढंच म्हटलं, "कुणी हात लावू नका." मग अडलेल्या रायफलीचं मॅगझिन काढून चांगल्या रायफलीला लावलं. ती खणखणीत चालली. म्हणजे मॅगझिन निर्दोष. मग त्याच पेटीतली काडतुसं चांगल्या रायफलीत. तीही सुटली. काडतुसं निर्दोष. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दोन बदलल्या तर काहीच कळत नाही. हंबीर, हे मी एक्स्चेंजमधल्या माझ्या मुलींना शिकवायला बारा वर्षं घालवली, आणि त्यांतल्या निम्म्यांना अजून येत नाही.

मग तो रायफल सोडून जमिनीकडे बघू लागला. इन्स्पेक्टर म्हणाला, "आता काय, नाणी शोधतोस?" तो पुंगळ्या बघत होता. ठणठणीत रायफल आपली रिकामी पुंगळी उजवीकडे तीन पावलं लांब फेकते. या सातांच्या पहिल्या पुंगळ्या दोन पावलांवर होत्या, मग एका पावलावर, आणि शेवटच्या अगदी जवानाच्या कोपराशी, आजारी माणसाच्या हातून पेला सुटावा तशा. "पकड ठीक होती, आत्याबाई," तो म्हणाला. "रेटा कमी झाला. आणि एकदम नाही, हळूहळू कमी झाला."

रेटा कुठून येतो ते त्याने मला चकलीचा सोऱ्या घेऊन दाखवलं. गोळीमागचा थोडा वायू नळीतल्या एका छिद्रातून वर येतो, दांडीसारख्या दट्ट्याला मागे ढकलतो, दट्ट्या पुढची सगळी कामं करून घेतो. तो दट्ट्या सुका आणि मोकळा धावला पाहिजे. तेल सगळीकडे चालतं, तिथे नाही. तुला हे पाठ आहे. मला पासष्टाव्या वर्षी कळलं, आणि इतकं स्वच्छ कळलं की मला सिस्टर लोकांचा भौतिकशास्त्राचा तास आठवून राग आला.

किल्ली जायच्या आधी त्याने एका रायफलीचा दट्ट्या काढून पाहिला होता.

"काय दिसलं?" मी विचारलं.

"काळं होतं."

"काळं म्हणजे काय?"

त्याने चकली मोडली. मग म्हणाला, "आत्याबाई, तुम्ही शिवणयंत्राला तेल कुठे कुठे घालता?"

"जिथे जिथे भोक असेल तिथे. हा काय प्रश्न झाला?"

"सरी, बरं," तो म्हणाला, आणि अंजलीकडे चहा मागितला. त्यानंतर तो या विषयावर एक शब्द बोललेला नाही.

तर आता माझा एक सवाल, निव्वळ कुतूहल म्हणून. समज, त्या दट्ट्याच्या जागी चुकून तूप गेलं. थोडंसं. आणि थोडा मध. मग गोळ्या झाडल्या. तर काय होईल? स्प्रिंगांबद्दल नाही लिहिलंस तरी चालेल. याचं तेवढं लिही. लवकर.

तुझी अक्का


१२ नोव्हेंबर १९९५

हंबीर,

उत्तर मिळालं. या खेपेस हाताने लिहिलेलं, दोन्ही बाजूंनी. म्हणजे विषय आवडला तुला. तू लिहितोस की पहिल्या काही गोळ्यांना काही वाटणार नाही, मग वायूच्या उष्णतेने तूप जळून चिकट काळी खळ होईल, मधाने ती आणखी घट्ट होईल, दट्ट्या जड चालेल, रेटा गोळीगणिक घटत जाईल आणि पुंगळी तोंडात अडकेल. अगदी तेच झालं. शेवटी तू विचारतोस, "असा मूर्खपणा केला कोणी?"

मी.

आता बसून वाच. हे मी दुसऱ्यांदा लिहिणार नाही.

आपल्या घरात खंडेनवमीला आजोबांच्या तलवारीला तूप आणि मध चाटवायची रीत होती, आठवतं? चांदीची छोटी वाटी, त्यात करंगळी बुडवून पात्याच्या टोकाला लावायची, म्हणजे वर्षभर हत्यार रुसत नाही. शहाजीराजांबरोबर आपली माणसं इथे आली तेव्हापासूनची रीत, असं बाबा सांगत. खरी असो वा खोटी, मी ती कधी चुकवली नाही. तलवार तू डेहराडूनला नेलीस. तेव्हापासून दर वर्षी मी वाटी भरते आणि विळीला चाटवते. या वर्षी कल्लाप्पाच्या त्या टेबलांवर इतकी हत्यारं ओळीने पाहिली, आणि माझं डोकं फिरलं म्हण, किंवा ऊर भरून आला म्हण. मी वाटी घरूनच नेली होती. म्हणजे डोकं आधीच फिरलेलं होतं.

तलवारीला टोक असतं. रायफलीला कुठे चाटवायचं? टोकाकडून जरा मागे, वरच्या बाजूला, एक भोक दिसलं. माझ्या मनात शंकासुद्धा आली नाही. कॉन्व्हेंटमध्ये शिवणाच्या सिस्टरनी आम्हाला छडी हातात घेऊन शिकवलं होतं की यंत्राला भोक ठेवलेलं असतं ते थेंब घालायलाच. मी चमच्याने थेंब घातला. एक नाही, चांगले दोन-तीन. डावीकडून सात रायफलींना. आठवीला पोचले तोवर वाटी संपली. कल्लाप्पा तेव्हा फाटकावर साहेबांच्या स्वागताला उभा होता. परत येताना अंजलीने विचारलं, "आत्या, वाटी रिकामी कशी?" मी म्हटलं, सांडलं.

रायफली अडल्याचं ऐकलं त्याच दिवशी मला ती रिकामी वाटी आठवली होती. मी त्या आठवणीला शंकासुद्धा म्हटलं नाही. तुझ्याकडून स्प्रिंगांचं प्रमाणपत्र मागितलं. वाच ती दोन पत्रं पुन्हा, आणि मला काय म्हणायचं ते म्हण. बाकीच्यांचे बिघाड वहीत लाल शाईने लिहिण्यात माझी हयात गेली. स्वतःचा आला तेव्हा मी पान फाडलं.

तुझं पत्र वाचून झालं तेव्हा कल्लाप्पा अंगणात नळाचा वॉशर बदलत होता. मी जाऊन समोर उभी राहिले.

"तुला कधी कळलं?"

त्याने वर पाहिलं, माझ्या हातातलं पत्र पाहिलं. "रेंजवरच. दट्ट्या काढला तर वास आला. लोणकढं तूप. आपल्या घरचंच, आत्याबाई. बाजारच्या तुपाला तो वास नसतो."

"आणि तू गप्प बसलास?"

"काय सांगू? माझ्या बायकोच्या आत्यानं केलं?"

"हो! तेच सांगायचं!"

"पूजा संपली, मी सगळी हत्यारं बाहेरून पुसली. नळीतून फडकं ओढलं. दट्ट्ये उघडले नाहीत. फायरिंग झाल्यावर उघडायची पद्धत, पूजा झाल्यावर नाही. मला सुचायला हवं होतं. तिथं चाळीस बायका, पोरं, कुणाच्या हातात नारळाचं पाणी, कुणाच्या कुंकू. आज तूप गेलं, उद्या आणखी काही जाईल. हत्यार माझ्या ताब्यात, तर त्यात गेलेलं सगळं माझ्या नावावर."

"मी चौकशीत येऊन सांगणार."

"बेडा, आत्याबाई." नको म्हणताना तो कन्नडमध्ये जातो. "तुम्ही बोललात की साहेब पुढच्या वर्षापासून घरच्यांना बंद करणार. त्या पोलीस लाइनीतल्या बायकांना वर्षातून तोच एक दिवस. नवरा काय काम करतो ते त्या दिवशी दिसतं. अंजली तर माझं टेबल बघायला पाच दिवस आधीपासून साडी काढून ठेवते. मला फाटकावर उभा करतील. करू देत. फाटकसुद्धा कुणीतरी सांभाळायचंच की."

आणि त्याने वॉशर बसवला, नळ सोडून पाहिला, बंद केला. थेंब पडत नव्हता.

हंबीर, अंजलीने लग्न ठरवलं तेव्हा 'बंदुकीचा मेकॅनिक' हा शब्द पहिल्यांदा तू नाही वापरलास. मी वापरला. तुला फोनवर मीच म्हटलं होतं, "पोरीने बंदुकीचा मेकॅनिक धरून आणलाय." तू तो उचललास आणि दार लावून घेतलंस. मी दोन वर्षांनी दार उघडलं, पण शब्द माझा होता हे आजवर कुणाला सांगितलं नाही. आता तुला सांगून झालं. ते दोघं बाकी आहेत.

मला तुझं प्रमाणपत्र नको. तू यावंस असंही नाही. पण "दोष आर्मररचा, ही सिद्ध गोष्ट आहे" हे तू लिहिलंस, आणि ते कागदावर आहे. ते तेवढं मागे घे. वीस तारखेच्या आत घे. मी वीसला येलहंक्याला जाणार आहे. त्याला सांगणार नाही.

तुझी अक्का


२१ नोव्हेंबर १९९५

हंबीर,

तुझी तार शनिवारी आली. "शब्द मागे घेतो." मी ती कल्लाप्पाला वाचून दाखवली. मग त्याला तुझं पहिलं पत्रही दाखवावं लागलं, नाहीतर कुठले शब्द ते कसं कळणार? त्याने चारही ओळी दोनदा वाचल्या. आणि म्हणाला, "साहेबांनी मागे का घेतलं? बरोबर होतं की. इतक्या लांबून, न बघता, नेमका दट्ट्या सांगितला. मोठा माणूस." थट्टा नव्हती त्यात. माझ्या अनिच्छेने ही स्तुती तुझ्यापर्यंत पोचवते आहे.

आता कालचं.

मी क्रीम रंगाची म्हैसूर सिल्क नेसले, दोन बस बदलल्या आणि दहाच्या आधी फाटकावर पोचले. चौकशीच्या खोलीबाहेर गुंडो नावाचा हवालदार उभा होता. "अम्मा, बाहेरच्यांना आत सोडत नाही."

"मी बाहेरची नाही. मी पुरावा आहे."

तो गोंधळला आणि तेवढ्यात मी आत गेले.

चौकशी अधिकारी नंदकिशोर नावाचे असिस्टंट कमांडंट. वयाने चाळिशीतले, चष्मेवाले, समोर जाड फाइल. कल्लाप्पा सावधान उभा. मला पाहिलं आणि त्याचा चेहरा, हंबीर, शाळेत आईला आलेली पाहून मुलाचा व्हावा तसा झाला.

मी सगळं सांगितलं. माझ्या चांगल्या इंग्रजीत, एकही वाक्य न गाळता. तूप, मध, चमचा, भोक. अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं.

"मॅडम, आपण याच्या नातेवाईक. आपण याला वाचवायला आला आहात."

"वाचवायला आले असते तर बरी गोष्ट रचून आणली असती. माझ्या वयाची बाई, पासष्ट वर्षं शहाणी म्हणून मिरवलेली, रायफलीला तूप पाजलं असं चार माणसांत उगाच सांगेल का?"

"सर," कल्लाप्पा म्हणाला, "हे नोंदीत नको. मी जबाबदारी घेतली आहे."

"तू गप्प राहा," मी म्हटलं. अधिकारीही त्याच क्षणी तेच म्हणाले. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

मग त्यांनी प्रश्न विचारला, आणि प्रश्न चांगला होता. "किती रायफली? कुठल्या?"

"सात. पहिल्या टेबलावरच्या, डावीकडून. आठवीला काही मिळालं नाही."

कल्लाप्पा पूजेला हत्यारं मांडतो तेव्हा टेबलवार, क्रमवार प्रत्येकीचा नंबर वहीत लिहितो. असं करा म्हणून त्याला कुणी सांगितलेलं नाही. गुंडोने ती वही आणली. अधिकाऱ्यांनी एका हाताखाली अडलेल्या सात रायफलींची यादी ठेवली, दुसऱ्या हाताखाली वही, आणि पेन्सिलीने एकेक नंबरावर खूण करत गेले. एक, दोन, तीन. खोलीत पेन्सिलीचाच आवाज. सातवा जुळला. आठवा नंबर अडलेल्यांत नव्हता. आठवीने त्या दिवशी वीसच्या वीस गोळ्या झाडल्या होत्या.

"सर, बोलू का?" गुंडो दारातून म्हणाला. "त्या सात रायफली सील करून वेगळ्या पेटीत ठेवल्यात ना, त्या पेटीला मुंग्या लागल्यात. रोज पावडर टाकतो. स्वल्प कमी होतात, परत येतात. बाकीच्या रॅककडे एक मुंगी जात नाही. मला वाटलं कुणीतरी आत डबा विसरला."

"मग हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"सर, चौकशी रायफलींची होती. मुंग्यांची नव्हती."

नंदकिशोरांनी चष्मा काढून पुसला. हसू आवरायची ती एक सभ्य पद्धत असते. सिस्टर लोकही करत.

पेटी आणली, सील तोडलं. कल्लाप्पाने हात मागे बांधून घेतले होते, कारण निलंबित माणसाने हत्याराला हात लावायचा नसतो. तो नुसता सांगत गेला आणि गुंडो उघडत गेला. "उजवीकडे फिरव. जोर नको. आता वर. थांब, ती ओढू नकोस, ती स्वतः येईल." अरे, मी एक्स्चेंजमध्ये तारेवरून लोकांना किती गोष्टी समजावल्या असतील! इतक्या कमी शब्दांत दुसऱ्याच्या हातांनी काम करून घेताना मी कुणाला पाहिलं नव्हतं. दट्ट्या बाहेर आला. टोकाशी काळी तपकिरी खळ. अधिकाऱ्यांनी नाकाजवळ नेला.

"बेसनाच्या लाडवासारखा वास येतोय," ते म्हणाले.

निकाल असा झाला. निलंबन रद्द. आरोप रद्द. अधिकाऱ्यांनी फाइलवर लिहायला घेतलं, "बाहेरील व्यक्तीच्या अज्ञानामुळे." (अज्ञान! पण मी गिळलं.) "यापुढे पूजेच्या दिवशी कुटुंबीयांना शस्त्रागारात प्रवेश नाही."

इथे कल्लाप्पा पहिल्यांदा न विचारता बोलला. "सर, एक विनंती. ताकीद माझ्या नावावर लिहा."

"का? तू तर सुटलास."

"पूजेनंतर दट्ट्ये उघडायचे राहिले, ते माझं. ताकीद लिहा, आणि खाली कायमचा हुकूम लिहा की पूजा संपली की त्याच संध्याकाळी सगळ्या रायफली पूर्ण उघडून, सुक्या करून, मगच रॅकला लावायच्या. तो हुकूम असला की घरच्यांना बंद करायची गरज नाही. माणसं येऊ देत. त्यांनी काहीही घातलं तरी संध्याकाळी निघेल."

"सोळा वर्षांत तुझ्या सेवापुस्तकात एक शेरा नाही. हा पहिला होईल."

"होय, सर."

मी तोंड उघडलं होतं. त्याने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि मी मिटलं. असं तू कधी मला गप्प केलेलं तुला आठवतं का? बाबांनाही जमलं नव्हतं.

त्यांनी ताकीद लिहिली. हुकूमही लिहिला, त्याने सांगितला जवळजवळ तसाच. फक्त 'माणसं येऊ देत' याचं इंग्रजी केलं. मग टेबलाच्या खणातून किल्ली काढून त्याला दिली. कल्लाप्पाने ती कमरेला अडकवली, सलाम केला आणि बाहेर आल्यावर मला म्हणाला, "खरं सांगा, आत्याबाई, अंजलीला माहीत होतं तुम्ही येणार?"

"नाही."

"मग आज घरी दोघांनाही बोलणी."

मला वाटलं आता आम्ही निघणार. पण तो शस्त्रागाराकडे वळला. त्या सात आजच साफ व्हायला हव्यात म्हणाला. मी व्हरांड्यात थांबते म्हटलं. तो परत नंदकिशोरांकडे गेला, काहीतरी बोलला, आणि खोलीतून त्यांचा आवाज आला, "परवानगी आहे. शिक्षा समजून."

व्हरांड्यात एक बुटकं स्टूल मांडलं गेलं. शेजारी गुंडो पहाऱ्याला. कल्लाप्पाने पहिला दट्ट्या, एक ब्रश आणि जुन्या धोतराचं फडकं माझ्या हातात दिलं. मी म्हैसूर सिल्कमध्ये. माझ्याकडे घरी भांडी घासायला बाई आहे, हे त्याला ठाऊक आहे. त्याने पदर खोचायला सांगितलं. मी खोचला.

दहा मिनिटं घासून मी दट्ट्या त्याला दिला. त्याने तो उजेडाकडे धरून फिरवला.

"परत."

मी परत घासला. या वेळी कडेची खाचसुद्धा सोडली नाही. नखाखाली काळं गेलं. दिला. त्याने पाहिला, नखाने एका जागी खरवडलं, नख मला दाखवलं.

"हे काय?"

"तूप," मी म्हटलं.

"परत."

गुंडो भिंतीकडे तोंड करून खोकत होता. मी तिसऱ्यांदा घासला, सुक्या फडक्याने पुसला, आणि कॉन्व्हेंटमध्ये भरतकाम तपासायला देताना जशी उभी राहत असे तशी उठून उभी राहिले. कल्लाप्पाने दट्ट्या उजेडात धरला. वरून पाहिला, खालून पाहिला, बोट फिरवलं. मग तो एका स्वच्छ कापडावर ठेवला आणि दुसरा माझ्या हातात दिला.

तुझी अक्का